मित्र ‘जगायचं नाही’ म्हणाला, तर : आधी काय, नंतर काय

पुण्याच्या सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारा मुलगा रूम पार्टनरला म्हणतो, ‘नको झालंय आता सगळं.’ पार्टनर तासभर समजावतो. दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेतला एखादा सीनिअर स्पर्धा परीक्षेत आठव्या प्रयत्नात पास झालेल्यांची उदाहरणं देतो. मग कोणीतरी वडिलांना फोन लावतं आणि संध्याकाळी त्याला स्वारगेटहून एकट्यालाच गावच्या एसटीत बसवून दिलं जातं. हेतू सगळ्यांचाच चांगला असतो, क्रम मात्र उलटा. आत्महत्येचा विचार येतो का, हे कोणीच सरळ विचारलेलं नाही. सर्वांत नाजूक वेळी त्याला एकटं सोडलं. ज्या घरी पाठवलं तिथं फवारणीचं औषध कुठं ठेवलंय, हेही कोणी पाहिलं नाही.

हा लेख मित्र, रूम पार्टनर, पालक, रेक्टर आणि अभ्यासिका चालवणाऱ्यांसाठी आहे. आत्महत्येचा प्रयत्न आधीच झाला असेल तर बाकी सोडून थेट सातव्या टप्प्यावर जा. हे विचार तुम्हाला स्वतःलाच येत असतील तर वाचन थांबवून आत्ता १४४१६ लावा. ही सरकारची टेलीमानस सेवा आहे. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

## पूर्वतयारी : वेळ येण्याआधी

फोनमध्ये हे क्रमांक नावासकट सेव्ह करा : १४४१६ (टेलीमानस, हा लागला नाही तर १८००-८९१-४४१६), १०८ (रुग्णवाहिका), ११२ (तातडीची मदत, पोलीस), १०९८ (अठरा वर्षांखालील मुलांसाठी चाइल्ड हेल्पलाइन). टेलीमानसला फोन लागला की आधी भाषा निवडायला सांगतात. घाबरलेल्या माणसाला तेवढा वेळही लांबचा वाटतो, म्हणून फोन तुम्ही लावा आणि पलीकडून माणूस बोलू लागल्यावर त्याच्या हातात द्या. भावनिक आधारासाठी ऐकून घेणारी कनेक्टिंग ही संस्था पुण्यातलीच आहे. तिचा क्रमांक आणि वेळ आधीच पाहून ठेवा.

राहत्या जागेपासून चोवीस तास कॅज्युअल्टी (तातडीचा उपचार विभाग) असलेलं सर्वांत जवळचं रुग्णालय कोणतं, ते माहीत हवं. पुणे स्टेशनजवळ ससून, रास्ता पेठेत केईएम, पिंपरीत वायसीएम. नऱ्हे, हिंजवडी किंवा वाघोलीत राहणाऱ्याला संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये ही तिन्ही लांब पडतात, त्यामुळे तिथलं जवळचं मोठं रुग्णालय हेरून ठेवा.

रूमवर राहणाऱ्यांनी एकमेकांच्या घरच्या दोन व्यक्तींचे क्रमांक घ्यावेत. फक्त वडिलांचा पुरत नाही. त्यांच्याच धाकानं मुलगा गप्प असेल तर मामा, मोठी बहीण किंवा काकू असं दुसरं दार लागतं.

## टप्पा १ : खुणा एकेकट्या पाहू नका, बदल पाहा

चिडचिड आणि जागरण एमपीएससी करणाऱ्या प्रत्येकात दिसेल. त्यावरून काही ठरत नाही. पाहायचा तो बदल : नेहमी मेसला येणारा आठवडाभर येत नाही, अंघोळ सोडतो, ग्रुपवरून निघून जातो, झोप अजिबात लागत नाही किंवा दिवसभर उठवतच नाही, दारू अचानक वाढते.

पुढच्या खुणा दिसल्या तर त्याच दिवशी बोला :

- ‘माझ्यामुळे घरच्यांना त्रास’, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ अशी वाक्यं, मग ती हसत म्हटलेली का असेनात.
- आवडीच्या वस्तू वाटून टाकणं, उसने पैसे अचानक फेडणं, निरोपासारखे मेसेज.
- मरण्याचे मार्ग शोधणं किंवा तशी वस्तू जवळ आणून ठेवणं.
- आधी कधी केलेला प्रयत्न किंवा स्वतःला इजा करण्याची सवय.

बरेच दिवस खचलेला मुलगा एकाएकी शांत, मोकळा दिसू लागला की घरचे सुटकेचा श्वास सोडतात. कधी ती खरंच सुधारणा असते, तर कधी मनाशी निर्णय झाल्यामुळे आलेली शांतता. फरक बाहेरून कळत नाही, विचारावाच लागतो.

कारणाचा अंदाज बांधत बसू नका. पुण्यात निकालाच्या आठवड्यात सगळे सावध असतात आणि नंतर ढिले पडतात. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत सर्व वयांच्या मिळून झालेल्या आत्महत्यांमध्ये कौटुंबिक समस्यांचा वाटा ३१.७ टक्के, आजारपणाचा १८.४ टक्के, तर परीक्षेतल्या अपयशाचा १.२ टक्के होता. पोलिसांच्या नोंदीत एकच कारण लिहिलं जातं. प्रत्यक्षात नैराश्य, घरातली भांडणं, कर्ज, प्रेमसंबंध, छळ आणि झोपेचा बोजवारा एकमेकांत गुंतलेले असतात. ‘पेपर तर चांगला गेलाय, मग याला काय झालंय?’ हा तर्क म्हणूनच कामाचा नाही.

## टप्पा २ : सरळ विचारा

इथंच सर्वाधिक चुका होतात, म्हणून जरा सविस्तर.

विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार येतो, ही भीती निराधार आहे. विचारल्यामुळे धोका वाढत नाही, हे अनेक अभ्यासांतून दिसलं आहे. उलट बहुतेकांना हायसं वाटतं, कारण बोलण्याची परवानगी मिळते.

जागा एकांताची हवी. चहाच्या टपरीवर चार जणांत नको, मेसेजवर तर नकोच. फोन सायलेंट करा, किमान एक तास मोकळा ठेवा. समोरासमोर बसणं अवघड वाटत असेल तर चालता चालता बोला. सुरुवात तुम्हाला दिसलेल्या गोष्टीनं करा : ‘आठ दिवस मेसला दिसला नाहीस, काल रात्री रडत होतास. काय चाललंय?’ मग थांबा. शांतता भरून काढण्याची घाई करू नका.

त्यानंतर या क्रमानं विचारा :

1. ‘झोपावं आणि पुन्हा उठूच नये, असं वाटतं का?’
2. ‘स्वतःला संपवण्याचा विचार येतो का?’
3. ‘कसं करायचं, हे मनात आलंय का?’
4. ‘त्यासाठी लागणारं काही जवळ आहे का? कधी करायचं ठरवलंय का?’
5. ‘याआधी कधी प्रयत्न केला होतास का? कधी?’
6. ‘आतापर्यंत कशामुळे थांबलास?’

दुसऱ्या प्रश्नाला ठाम ‘नाही’ आलं तर तिसरा आणि चौथा सोडा, पण पाचवा विचाराच. सहाव्याचं उत्तर लक्षात ठेवा. आई, धाकटी बहीण, पाळलेलं कुत्रं, काहीही असेल. सुरक्षा योजना (टप्पा ६) करताना ते लागतं.

चूक : ‘तसलं काही डोक्यात नाही ना रे तुझ्या?’ या प्रश्नात ‘नाही’ हे उत्तर आधीच भरलेलं आहे. समोरचा तेच देणार.

चूक : ‘आईबापाचा विचार कर’, ‘हा भ्याडपणा आहे’, ‘शेतात राबून पैसे पाठवतात ते’. ज्याला आधीच आपण ओझं आहोत असं वाटतंय, त्याचं ओझं यानं वाढतं.

चूक : ‘कोणाला सांगणार नाही, शपथ.’ अशी शपथ घेऊ नका. त्याऐवजी म्हणा, ‘उगाच कोणाला सांगणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका वाटला तर एका-दोघांना सांगावं लागेल, आणि कोणाला ते आपण दोघं मिळून ठरवू.’

आणि ‘धमकी देतोय’, ‘नाटकं आहेत’ हे शब्द तोंडातून काढायचेच नाहीत. लक्ष वेधण्यासाठी कोणी जिवावरची भाषा बोलत असेल, तर त्याला लक्षाची गरज आहे एवढं तरी नक्की.

## टप्पा ३ : धोका किती, ते ठरवा

- तातडीचा : चौथ्या प्रश्नाला ‘हो’, किंवा गेल्या तीन महिन्यांत प्रयत्न, किंवा नशेत असताना हे बोलणं, किंवा ‘मर असा आवाज ऐकू येतो’ असं सांगणं. आजच, आत्ता रुग्णालय. एकट्याला बाथरूमच्या दाराआडही फार वेळ सोडू नका.
- मध्यम : विचार येतात, मार्गही मनात आलाय, पण वेळ ठरलेली नाही, वस्तू जवळ नाही. सोबत ठेवा आणि चोवीस तासांत मनोविकारतज्ज्ञ गाठा.
- कमी : ‘उठूच नये’ इतपत वाटतं, पुढं काही नाही. आठवड्याच्या आत समुपदेशक किंवा डॉक्टर, आणि दर दोन दिवसांनी तुमची विचारपूस.

ही विभागणी डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेत नाही, फक्त किती घाई करायची ते सांगते. मध्यम की तातडीचा, असा गोंधळ झाला तर तातडीचा धरा. शिवाय हा धोका तासातासाला बदलतो. सकाळी कमी असलेला रात्री एका फोननंतर वर जाऊ शकतो.

## टप्पा ४ : सोबत ठेवा, साधनं दूर करा

तीव्र ओढीची वेळ अनेकदा थोडी असते, काही मिनिटं ते काही तास. त्या वेळात हाताशी साधन नसलं की जीव वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते. ‘एक वाट बंद केली तर दुसरी शोधेल’ हे बहुतेकांच्या बाबतीत खरं ठरत नाही.

म्हणून मनात आलेली वस्तू आधी हलवा. खोलीतली सगळी औषधं, व्हिटॅमिन आणि डोकेदुखीच्या गोळ्यांसकट, एका पिशवीत घालून दुसऱ्याच्या घरी द्या. गच्चीची किल्ली वॉचमनकडे. आजीआजोबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या कुलपात, आणि त्या कुलपाची किल्ली देव्हाऱ्याजवळ नको, सगळ्यांना तीच जागा माहीत असते. हे चोरून करण्यापेक्षा सांगून करा : ‘काही दिवस हे माझ्याकडे राहू दे.’

दारू बंद. ती विचार आणि कृती यांच्यातला अडसर काढून टाकते. ‘दोन पेग मारून मोकळा होईल’ हा मित्रांचा उपाय धोकादायक आहे.

गावी पाठवण्याआधी तपासा : शेतकऱ्याच्या घरात कीटकनाशक आणि तणनाशक असतंच. मुलगा पोहोचण्याआधी ते घराबाहेर, कुलूपबंद आणि किल्ली एकाच मोठ्या माणसाकडे हवं. प्रवास कोणाच्या तरी सोबतच व्हावा. तालुक्याच्या गावी मनोविकारतज्ज्ञ आहे का, याची चौकशी पुण्यात असतानाच करा. नसेल तर पुण्यात पहिली तपासणी करून, औषधं आणि पुढची तारीख घेऊनच निघा. जागा बदलणं हा उपचार नव्हे.

रात्री जागायची पाळी दोघा-तिघांत वाटून घ्या. एकानंच तीन रात्री काढल्या तर चौथ्या रात्री तो झोपणारच.

## टप्पा ५ : कोणाला सांगायचं

मुलगा अठराच्या आतला असेल तर पालकांना कळवणं भागच आहे. सज्ञान असेल आणि धोका तातडीचा असेल, तर त्याची नाराजी पत्करूनही घरच्या एका विश्वासू माणसाला सांगा. सांगताना जे ऐकलं तेवढंच सांगा, कारणमीमांसा नको. ‘काका, घाबरू नका, तो आत्ता माझ्यासमोर बसलाय. त्याच्या मनात जीव देण्याचे विचार येत आहेत. आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेतोय, तुम्ही निघा. फोनवर रागावू नका.’ हे शेवटचं वाक्य विसरू नका.

त्रासाचं मूळ घरातच असेल, म्हणजे मारहाण, लैंगिक अत्याचार, आंतरजातीय प्रेमावरून धमक्या, समलिंगी असल्याचं उघड होणं, तर त्याच घरी फोन लावून मोकळं होऊ नका. सज्ञान मुलाला विचारून दुसरा नातेवाईक निवडा. अल्पवयीन असेल तर १०९८. अल्पवयीन मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची खबर पोलिसांना देणं पॉक्सो कायद्यानं बंधनकारक आहे.

रेक्टर आणि कॉलेजसाठी एकच सूचना : ‘जबाबदारी नको’ म्हणून त्याच दिवशी खोली खाली करायला लावू नका. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ हवा. हे निर्देश कोचिंग क्लासेसनाही लागू आहेत. आपल्या संस्थेत तो कोण आणि कुठल्या खोलीत बसतो, हे विद्यार्थ्यांनी विचारावं.

## टप्पा ६ : योग्य डॉक्टर आणि सुरक्षा योजना

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात पुढचं शिक्षण घेतलेले डॉक्टर. ते औषध देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलून उपचार करतात. तातडीच्या आणि मध्यम धोक्यात आधी मनोविकारतज्ज्ञ. अपॉइंटमेंट चार दिवसांनंतरची मिळाली तर रिसेप्शनला ‘आत्महत्येचे विचार आहेत’ असं स्पष्ट सांगा. तरीही जमत नसेल तर कॅज्युअल्टी. खर्चाची अडचण असेल तर ससूनमध्ये मनोविकार विभाग आहे, येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे. ‘येरवड्याला नेलं’ या शब्दांची लाज बाळगून उशीर करू नका.

डॉक्टरांकडे जाताना कागदावर लिहून न्या : झोप किती दिवसांपासून बिघडली, वजन, नशा, आधीचे प्रयत्न, घरात कोणाला मानसिक आजार किंवा कोणाची आत्महत्या, चालू औषधं.

नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. पंचविशीच्या आतल्यांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत अस्वस्थता आणि आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून त्या काळात बारीक लक्ष हवं. तसं वाटलं तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा, स्वतःहून गोळी बंद करू नका. एका वेळी आठवड्याचीच औषधं मागा आणि ती दुसऱ्याच्या ताब्यात ठेवा.

सुरक्षा योजना समुपदेशकासोबत, मुलाच्या स्वतःच्या शब्दांत, एका पानावर लिहा :

1. वादळ येतंय हे मला कशावरून कळतं. (‘रात्री दोननंतर जुने मार्क बघत बसतो.’)
2. एकट्यानं काय करता येतं. (गार पाण्यानं अंघोळ, पर्वतीच्या पायऱ्या, गाणी.)
3. कुठं, कोणात गेलं की मन दुसरीकडे वळतं.
4. कोणाला मदत मागेन : तीन नावं, क्रमांकांसह.
5. डॉक्टर, १४४१६, जवळची कॅज्युअल्टी.
6. कोणत्या वस्तू जवळ ठेवणार नाही आणि त्या कोणाकडे आहेत.

याचा फोटो मुलाच्या आणि चौथ्या ओळीतल्या तिघांच्या फोनमध्ये हवा. ‘मी काही करणार नाही’ असं लिहून घेण्याची पद्धत आहे, तिचा उपयोग नाही. वचनानं त्या क्षणी काय करायचं ते कळत नाही.

तपासणी : दुसऱ्या ओळीत ‘सकारात्मक विचार करेन’ असं लिहिलं असेल तर खोडा. रात्री दोन वाजता हातापायांनी करता येईल असंच काहीतरी हवं.

## टप्पा ७ : प्रयत्न झालाच असेल तर

1. १०८ लावा. रुग्णवाहिकेला उशीर असेल तर रिक्षा, गाडी, मिळेल ते. जवळच्या कॅज्युअल्टीत जा, ओळखीचं रुग्णालय शोधत शहरभर फिरू नका.
2. विषारी काही घेतलं असेल तर ओकारी काढू नका. मिठाचं पाणी, दूध, तूप, ताक काहीही पाजू नका. पाकीट, बाटली, उरलेल्या गोळ्या सोबत घ्या. अंदाजे किती वाजता घेतलं ते सांगा. कीटकनाशक सांडलं असेल तर हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हाताला गुंडाळून कपडे काढा आणि अंग पाण्यानं धुवा.
3. शुद्ध नसेल पण श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा.
4. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडानं दाबून धरा.
5. ‘आता बरं वाटतंय’ म्हणाला तरी न्याच. काही औषधांचा घात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतो, तोवर माणूस ठणठणीत वाटतो.

पोलीस केसच्या धास्तीनं डॉक्टरांना ‘फूड पॉयझनिंग’ किंवा ‘चुकून प्यायला’ सांगणं ही जीवघेणी चूक आहे. उतारा चुकतो, वेळ जातो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं आणि तिला शिक्षा होत नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणाऱ्या जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ सारखं सरसकट कलमही राहिलेलं नाही. रुग्णालय मेडिको-लीगल (पोलिसांना कळवण्याची) नोंद करतं, पोलीस जबाब घेतात. तो कामकाजाचा भाग आहे. आधी उपचार, नंतर कागद, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केलंय.

डिस्चार्जच्या आधी मनोविकारतज्ज्ञांनी तपासलंय का, हे विचारा. पोटातलं विष उतरलं की घरी पाठवलं आणि मनाचं कोणी विचारलंच नाही, असं होऊ देऊ नका.

## टप्पा ८ : त्यानंतरचे तीन महिने

रुग्णालयातून परतल्यावरचे पहिले आठवडे सर्वांत जोखमीचे, आणि नेमकं तेव्हाच नातेवाईक पांगतात. पहिली फेरतपासणी आठवड्याच्या आत ठरवूनच घरी या.

- पहिला आठवडा : रोज कोणीतरी सोबत. भेटायला येणाऱ्यांची रांग नको. ‘असं का केलंस?’ म्हणत मामा-काकांची बैठक तर मुळीच भरवू नका.
- दुसरा ते चौथा आठवडा : झोप, जेवण, औषध यांचं वेळापत्रक. अभ्यास दिवसाला एक-दोन तास. टेस्ट सिरीज, मॉक टेस्ट आणि निकालाचे ग्रुप बाजूला. अटेंडन्सचा प्रश्न डॉक्टरांचं प्रमाणपत्र देऊन घरच्यांनी सोडवावा, मुलाला रांगेत उभं करू नये.
- दुसरा आणि तिसरा महिना : आठवड्यातून एक ठरलेला फोन किंवा भेट. ‘बरा आहेस ना?’ ऐवजी ‘या आठवड्यात ते विचार आले का?’ असं विचारा. निकाल, एटीकेटीचा पेपर, ब्रेकअपची तारीख, भाडं थकल्याचा दिवस कॅलेंडरवर टाका आणि त्याच्या आदल्या दिवशी संपर्क करा.

बरं वाटू लागल्यावर महिन्याभरात गोळ्या सोडणं ही नेहमीची घसरण आहे. कधी आणि कशा कमी करायच्या, ते डॉक्टरच ठरवतील.

हॉस्टेलमध्ये एखादा मृत्यू झाला असेल तर चिठ्ठी, फोटो, प्रकार यांतलं काहीही ग्रुपवर टाकू नका. त्याचा जवळचा मित्र, रूम पार्टनर, प्रथम पाहणारा आणि आधीपासून खचलेला विद्यार्थी, या चौघांशी त्याच दिवशी वेगवेगळं बोला आणि दुसऱ्या टप्प्यातले प्रश्न त्यांनाही विचारा.

सोबत करणाऱ्यालाही टेलीमानसवर बोलता येतं, त्यासाठी स्वतः रुग्ण असावं लागत नाही. चार दिवस झोप नाही, हात थरथरतोय, अभ्यासात लक्ष नाही, अशी गत झाली की पाळी दुसऱ्याकडे द्या आणि १४४१६ स्वतःसाठी लावा.